विळा तिचा, यंत्र कुणाचं?

परवाचीच गोष्ट. दुपारची जेवणं आटोपून मी व्हरांड्यात बसले होते. समोर आमची एवढीशी हिरवळ. तिच्याकडे बघत सासूबाई म्हणाल्या, “अगं, जिच्या काशा वेचण्यात आमचा जन्म गेला, ती हरळी तू पैसे देऊन लावलीस, आणि आता ती कापायला आणखी पैसे खर्च करणार!”

मला हसूच आलं. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. शेतातल्या काळ्या रानात हरळी शिरली की शेतकऱ्याच्या पोटात गोळा येतो. नांगरट झाली की बायकांनी ओणवं होऊन तिच्या काशा वेचायच्या, ढीग करायचा, पेटवायचा. एक काशी राहिली तरी पुढच्या पावसात ती पुन्हा डोकं वर काढणार. तीच हरळी गणपतीच्या दिवसांत दूर्वा म्हणून देव्हाऱ्यात जाते, आणि बंगल्यासमोर लावली की तिला ‘लॉन’ म्हणतात. गवत एकच, मान मात्र जागेवर ठरतो. अगदी आपल्या बायकांसारखंच!

आमचं घर चिंचोळी एमआयडीसीपासून फार लांब नाही. आमचे हे तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला. सोलापूर-पुणे रस्त्याच्या या पट्ट्यात पूर्वी कुसळं आणि बाभळी. आता कारखाने आले, त्यांच्या फाटकांआत गुलाबाचे ताटवे आणि हिरवळी आल्या. रोज ते बघून आमच्या ह्यांनाही वाटलं, आपल्या दारात असं काहीतरी हवं. झालं! घरापुढच्या साधारण पाचशे चौरस फुटांत हरळी लावली गेली. ती कापायला महिन्यातून दोनदा एक मावशी येतात. विळा आणि खुरपं घेऊन सकाळी उकिडव्या बसतात, त्या संध्याकाळी उठतात. विळ्याने गवत कापायचं, खुरप्याने लव्हाळा काढायचा. दिवसाचे चारशे रुपये.

मागच्या वर्षी पाऊस सुरू व्हायच्या आधी घरात विषय निघाला तो गवत कापायच्या यंत्राचा. बॅटरीवर चालणारं, वायर नसलेलं. मुलाने मोबाइलवर चित्रं दाखवली. ह्यांनी लगेच हिशेब मांडला. यंत्र, दोन बॅटऱ्या आणि चार्जर मिळून बावीस हजार. मावशींना महिन्याला आठशे, म्हणजे वर्षाला नऊ हजार सहाशे. “सव्वादोन वर्षांत वसूल!” ते म्हणाले. मला मात्र तो आकडा उलटा दिसला. बावीस हजार म्हणजे मावशींची सव्वादोन वर्षांची मजुरी.

ही बातमी मावशींच्या कानावर कशी गेली कोण जाणे! पुढच्या खेपेला विळ्याला धार लावता लावता खाली बघूनच त्यांनी विचारलं, “वैनी, मशीन येणार म्हणं. मग मी येऊ का नको?”

मैत्रिणींनो, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बचत गटांच्या बैठका घेते, बायकांच्या रोजगारावर चार शब्द बोलते. आणि माझ्याच अंगणातून एका बाईचा रोजगार निघून चालला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग यंत्र घेऊ नका, मिटलं! पण मला तेही पटेना. दिवसभर उकिडवं बसून मावशींचे गुडघे कसे झालेत ते मी बघते. उठताना त्या आधी एक हात जमिनीवर टेकतात, मग दुसरा गुडघ्यावर ठेवतात, आणि मग कळ सोसत उभ्या राहतात. ‘हाताच्या कामाची गोडी वेगळी’ असं आपण सावलीत बसून म्हणायचं आणि उन्हात तिने बसायचं, हा कसला न्याय? कष्ट कमी करणारं यंत्र वाईट असूच शकत नाही. ते कुणाच्या हातात जातं, तिथे सगळी गोम आहे.

जरा आपल्याच घरात बघा. पहाटे उठून जात्यावर दळण दळायची ती बाई. विजेची गिरणी आली, बाईचे हात सुटले, फार चांगलं झालं. पण गिरणीचा मालक कोण झाला? चाळणी घेऊन पट्ट्याजवळ उभा राहिला तो गडी, आणि डोक्यावर डबा घेऊन रांगेत उभी राहिली ती बाई. पाणी शेंदायचं बाईने, मोटर बसली की तिचं बटण आणि तिची दुरुस्ती पुरुषाकडे. शेतात खुरपणी बायकांची, तणनाशकाचा पंप मात्र पुरुषाच्या पाठीवर. काम हाताचं असतं तोवर बाईचं. त्याला चाक लागलं, मोटर लागली की ते ‘टेक्निकल’ होतं, त्याची मजुरी वाढते आणि ते गड्याचं होतं! एस्टर बोसरुप नावाच्या डेन्मार्कच्या अर्थतज्ज्ञ बाईंनी १९७० साली शेतीतल्या बायकांवरच्या आपल्या पुस्तकात हेच जगापुढे मांडलं होतं. आपल्याकडे ते कळायला पुस्तक लागत नाही, गिरणीपुढे उभं राहिलं तरी पुरे.

आमच्या गटातल्या एकीने तर ताजंच उदाहरण सांगितलं. एका कारखान्याच्या बागेत ठेकेदाराकडे सहा बायका गवत काढायच्या. ठेकेदाराने खांद्यावर अडकवायची पेट्रोलची दोन यंत्रं आणली आणि ती चालवायला दोन पोरं ठेवली. सहाच्या सहा बायका घरी. “तुम्ही चालवाल का, असं विचारलं का गं त्याने?” मी म्हटलं. ती म्हणाली, “बाईला कोण इचारतंय!”

तेव्हा मी ठरवलं, यंत्र घ्यायचं. पण निवडायचं ते मावशींना चालवता येईल असं.

दुकानात गेलो तर दुकानदार सगळं ह्यांनाच सांगत होता. “साहेब, पॉवर बघा. साहेब, पातं बघा.” मी विचारलं, “याचं वजन किती?” तर तो हसून म्हणाला, “वहिनी, तुम्हाला कशाला चालवायचंय? माळी चालवेल की!” मी म्हटलं, “आमची माळी बाईच आहे. जरा खाली काढा, उचलून बघते.” सगळ्यात मोठं यंत्र मला दोन पायऱ्यासुद्धा चढवता आलं नसतं. मग गप्पा बदलल्या.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी हा विषय निघाला तर उपयोगी पडेल म्हणून मला जे कळलं ते सांगते. कला शाखेची पदवीधर आहे हो मी, व्होल्ट-अँपिअर म्हटलं की घाबरायची. पण गणित भाजीच्या हिशेबापेक्षा अवघड नाही. बॅटरीवर दोन आकडे असतात, व्होल्ट आणि अँपिअर-अवर. दोन्हींचा गुणाकार केला की तिच्यात किती वीज मावते ते कळतं. ३६ व्होल्ट आणि ४ अँपिअर-अवर असेल तर १४४ वॉट-तास. आपल्या विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास. म्हणजे एका युनिटात ही बॅटरी सहा वेळा तरी भरावी. पेट्रोल नको, धूर नको, दोरी ओढून सुरू करताना खांदा निखळायला नको.

कुठे ‘४० व्होल्ट’ लिहिलेलं असतं, कुठे ‘३६’. पुष्कळदा बॅटरी तीच असते. पूर्ण भरल्यावरचा मोठा आकडा एकाने छापलेला असतो, काम करतानाचा आकडा दुसऱ्याने. म्हणून मोठ्या आकड्याला भुलू नका, गुणाकार करून बघा. आणखी एक, किंमत विचारताना बॅटरी-चार्जर धरून विचारा. काही ठिकाणी नुसत्या यंत्राची किंमत सांगतात, आणि बॅटरी वेगळी घ्यायची म्हटल्यावर डोळे पांढरे होतात! तीच बॅटरी त्या कंपनीच्या ड्रिलला किंवा झाडं छाटायच्या कात्रीला चालते का, तेही विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुरुस्ती सोलापुरात होते की पुण्याला पाठवावं लागतं?

पात्याची रुंदी जागेप्रमाणे घ्यावी. पाचशे-हजार फुटांच्या हिरवळीला तीस-पस्तीस सेंटिमीटर पुष्कळ झाली. जितकं रुंद, तितकं जड. मूठ उंचीप्रमाणे खालीवर करता यायला हवी. नाहीतर सहा फुटी पुरुषासाठी केलेली मूठ आपल्या पाच फुटी बाईच्या छातीशी येते. हिरवळ अगदीच ओसरीएवढी असेल तर बॅटरीच्या वाटेला जाऊच नका. हाताने ढकलायचं, फिरत्या पात्यांचं साधं यंत्र मिळतं. ना चार्जिंग, ना मोटर.

आणि आपल्याकडचं ऊन! मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जातो. या बॅटऱ्यांना आपल्यासारखंच ऊन सोसत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवू नका, काम झाल्या झाल्या तापलेली बॅटरी चार्जरला लावू नका. घरात, गार फरशीवर, रात्री भरा. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या दिवसांत तासन् तास वीज नसायची, ते आपण विसरलेलो नाही. आजही वादळवारं झालं की लाइट जाते. बॅटरीचा फायदा असा, की वीज असेल तेव्हा भरून ठेवायची, नसेल तेव्हा काम करायचं. वायर पात्याखाली येण्याची भीतीही नाही.

सुरक्षिततेचं मात्र कौतुक करू नका, ते पाळा. आपल्या मुरमाड जागेत खडे फार. पात्याखाली खडा आला तर गोळीसारखा सुटतो, म्हणून आधी खडे वेचायचे आणि मुलांना आत घ्यायचं. पायात चप्पल नाही, बंद बूट. अडकलेलं गवत काढायचं तर आधी बॅटरी बाहेर, मग हात आत. गवत ओलं असताना कापायचं नाही, आणि एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही. उन्हाळ्यात गवत थोडं उंचच ठेवावं, मुळांना सावली राहते. आणि गाजरगवताला यंत्र लावू नका. ते फुलाला यायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं.

गंमत म्हणजे हे यंत्र जन्मालाच आलं ते कापडगिरणीमुळे! इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या कारागिराने १८३० साली ते केलं. लोकरी कापडावरची लव सारखी कातरायचं यंत्र त्याने पाहिलं होतं, त्यावरून त्याला गवत कातरायची कल्पना सुचली. चादरी-टॉवेलच्या आपल्या सोलापुरात हे वाचताना मला फार आपलं वाटलं. गिरणीतलं यंत्र अंगणात आलं, आता ते माजघरातल्या बाईपर्यंत यायला हरकत काय?

पण यंत्राआधी एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा, आणि तो मी उशिरा विचारला हे कबूल करते. एवढी हिरवळ हवीच कशाला? लंडनला वर्षाला सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सोलापूरलाही जवळपास तेवढाच. फरक इतकाच, की त्यांचा बारा महिन्यांत थोडाथोडा, गार हवेत पडतो. आपला चार महिन्यांत येतो, तोही मनात आलं तर, आणि मग आठ महिने ऊन. उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी हिरवळीला लागतं. आमच्या पाचशे फुटांना रोज दोनशे लिटरच्या वर. म्हणजे भरलेलं एक पिंप! वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाला पाणी बघत आलेलं आपलं सोलापूर. उजनीचं पाणी कधी सुटतं म्हणून डोळे लावून बसणारे आपण. गावाकडची बाई घागरीसाठी वणवण करत असताना आपण पिंपभर पाणी गवतावर ओतायचं, हे मला पटेना.

शेवटी आम्ही निम्मी हिरवळ काढली. तिथे लिंब, कढीपत्ता, मोगरा आणि आळूचं वाफं आलं. आळूला धुण्याभांड्याचं पाणी जातं. सासूबाई खूश! ह्यांनी थोडं तोंड वाकडं केलं, पण पहिल्या आळूवडीला विसरले.

आणि यंत्र? तेही आलं. लहान, मला एकटीला उचलता येणारं. पहिल्या दिवशी मावशी चार हात लांब उभ्या. “वैनी, करंट लागंल का?” मी बॅटरी काढून दाखवली, पातं दाखवलं, मूठ सोडली की ते आपोआप थांबतं तेही दाखवलं. त्यांनी पदर खोचला, साडीवर मुलाचा जुना शर्ट चढवला, त्याचेच जुने बूट घातले. पहिली ओळ वाकडी गेली, दुसरी जरा कमी वाकडी. तिसऱ्या खेपेला त्या एकट्याने कापत होत्या, आणि कुंपणापलीकडे दोन शेजारणी बघत उभ्या होत्या.

आता दिवसाचं काम तासाभरात होतं. मग मजुरी किती द्यायची? घरात वाद झाला. “तासाचे पन्नास होतात,” असं एक मत पडलं. मी म्हटलं, “डॉक्टर पाच मिनिटं तपासतो तेव्हा आपण मिनिटं मोजतो का?” आपण वेळेचे नाही, कामाचे पैसे द्यायचे. बागेचे चारशे, तेवढेच राहिले. उरलेल्या दिवसात आमच्या आळीतल्या चार घरांची गवतं मावशी आमच्याच यंत्राने कापतात, घरामागे तीनशे रुपये घेतात. त्यातले पन्नास बचत गटाच्या पेटीत टाकतात. कारण बॅटरी काही अमर नाही, आज ना उद्या ती बदलावीच लागणार. तेव्हा जुनी घंटागाडीत टाकायची नाही, विकणाऱ्याला परत द्यायची, हेही त्यांना माहीत झालंय.

“आपलं यंत्र गावभर फिरणार?” असं ह्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, “फिरू दे. आपल्याकडे महिन्यातले अठ्ठावीस दिवस ते कोपऱ्यात धूळच खाणार होतं.”

हे सगळं गोड-गोड झालं असं मात्र समजू नका. एका मावशींचं भागलं, कारखान्यातल्या त्या सहा बायका अजून मिळेल त्या कामावर जातात. आमच्या गटात सध्या चर्चा चालू आहे, की बारा जणींनी महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकले तर वर्षात चौदा हजार चारशे होतात. दोन वर्षांत गटाचं स्वतःचं यंत्र, आणि मग कारखान्याच्या फाटकावर मजूर म्हणून नाही, तर ठेका घ्यायला जायचं. एक-दोघी म्हणतात, “आपल्याला कोण ठेका देतंय!” देतीलही, नाहीही. पण मागायला तर हवा.

केंद्र सरकारने २०२३ साली पंधरा हजार बचत गटांच्या बायकांच्या हाती फवारणीची ड्रोन द्यायची योजना आणली. त्यांना ‘ड्रोन दीदी’ म्हणतात. आकाशात उडणारं यंत्र बाईला चालवता येतं असं सरकारलासुद्धा वाटतं, मग जमिनीवर ढकलायचं यंत्र चालवायला गडीच का लागतो?

म्हणून सांगते, तुमच्या घरात गवताचं, कपड्याचं, भांड्याचं, कसलंही यंत्र येवो. किंमत बघा, वॉरंटी बघा, बॅटरी बघा. पण त्याच वेळी हेही बघा, की ते काम आजवर कुणाच्या हातांनी झालं आणि यंत्र आल्यावर त्या हातांचं काय होणार. ज्या हाताला विळ्याचे घट्टे पडलेत, त्याच हाताला यंत्राची मूठ आधी मिळायला हवी.

कालच मावशी येऊन गेल्या. उन्हं उतरली होती, काम झालं होतं, यंत्र पुसून त्यांनी जागेवर ठेवलं. पायरीवर बसून चहा घेतला आणि उठल्या. हात जमिनीवर टेकून नव्हे, नुसत्याच उठल्या. जाता जाता म्हणाल्या, “वैनी, बॅटरी चार्जिंगला लावा बरं का. उद्या पलीकडच्या घरचं आहे.”

‘येऊ का नको’ विचारणारी बाई आता मला काम सांगून जाते, आणि मला त्याचा जराही राग येत नाही.